बिनमिठाची बरणी

"ताई, यांना सकाळपासून सगळं दोन-दोन दिसतंय," भावजयीचा फोन आला तेव्हा मी चक्क हसले. म्हटलं, "दोन बायका दिसल्या म्हणून घाबरला असेल बिचारा!"

दुपारी दवाखान्यात पोचले आणि दारातच थिजले. माझा धाकटा भाऊ, आयुष्यभर नुसती बडबड केलेला माणूस, खाटेवर पडला होता. पापण्या उचलता येत नव्हत्या. बायकोला हाक मारायला गेला तर घशातून नुसती घरघर आली. थुंकीसुद्धा गिळता येईना त्याला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. "गेल्या दोन दिवसांत बरणीतलं, डब्यातलं काही खाल्लंय त्यांनी?"

भावजय खाली मान घालून उभी. माझं डोकंच फिरलं. "खाल्लंय की! माझ्या हातची फरसबी. तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये रांधलंय मी. रोज पाचशे पानं उठायची, एकाचं पोट दुखलं नाही!"

"कशी केली होती?"

कशी म्हणजे? एरवी मी मीठ आणि व्हिनेगर सढळ हातानं घालते. पण याला रक्तदाब, वर आंबट खाल्लं की छातीत जळजळ. म्हणून मुद्दाम त्याच्यासाठी वेगळी बरणी केली. मीठ नाही, व्हिनेगर नाही. शेंगा चांगल्या उकळल्या, वर बोटभर तेलाचा थर दिला, झाकण घट्ट लावलं. महिनाभर फळीवर होती. हवेचा कण आत जाऊ दिला नाही, हे मी अगदी ठासून सांगितलं.

"मावशी, हे जंतू हवा नसते तिथेच वाढतात आणि विष सोडतात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "नुसतं उकळून मरत नाहीत. मीठ आणि आंबट त्यांना अडवतं. तेच नव्हतं."

"अहो, पण वास नव्हता! रंग कसा हिरवागार होता!"

"वास येईलच असं नाही. विषावरचं औषध मागवलंय. पण श्वास कमी पडतोय, आता नळी घालावी लागेल. श्वास बंद पडायचा धोका आहेच."

मी, मी घातलं त्याला विष!

भावजय आत गेली, तिच्यामागून मी. नर्सनं त्याच्या हातात पेन दिलं, खाली पुठ्ठा धरला. डोळे मिटलेले, मी आलेय हे त्याला ठाऊकच नव्हतं. अक्षरं वेडीवाकडी उमटली.

"झाकण फुगलं होतं. उघडताना फुस्स झालं. टाकली असती तर ताई भडकली असती."

पेन निसटलं. भावजयीनं ते पुन्हा बोटांत धरवलं.

"तिला सांगू नका."

मी त्याच्या पायाशी उभी होते. पायावर ठेवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्याला कळलं असतं, मी इथेच आहे ते.