रकाना एकेचाळीसमधलं शून्य

माझं काम काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारणींना ती सांगायची, "आमची थोरली देशांचे पेपर तपासते." याहून चांगलं मलाही सांगता येत नाही. साहसी पर्यटनात कोणता देश किती पाण्यात आहे, हे आमची संस्था दरवर्षी मोजते. त्रेसष्ट देश, चौपन्न रकाने. डोंगर किती, नद्या किती, परवाना किती दिवसांत मिळतो, जखमी माणसाला उचलायला हेलिकॉप्टर येतं की नुसतं आश्वासन येतं. प्रत्येक रकान्याला गुण, गुणांची बेरीज, बेरजेवरून क्रमवारी. यादी जाहीर झाली की मंत्री भाषणं करतात आणि वरच्या देशांचे पर्यटनवाले जाहिराती छापतात. एकवीस वर्षं मी हे करते आहे. मला पोहता येत नाही, आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून खाली पाहिलं तरी गरगरतं.

धाकट्या भावाला याचं फार हसू यायचं. तो नदीवर राफ्ट चालवायचा, पर्यटकांना घेऊन, हंगामभर. "ताई, तू म्हणजे काठावर बसून बुडणाऱ्यांना मार्क देणारी," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि मी चिडले की आणखी हसायचा.

मागच्या हंगामात तो गेला. मोठ्या वळणाखाली राफ्ट उलटली. सहा पर्यटक होते. पाच जण दोरी धरून काठाला लागले. सहाव्याला त्याने खडकावर ढकललं आणि स्वतःचा पाय दगडांच्या फटीत अडकवून बसला. पाणी कमरेएवढंच होतं, असं त्याच्याबरोबरच्या गाइडने मला सांगितलं, पण पाय अडकल्यावर त्या धारेत उभं राहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात माझा भाऊ बुडाला. हे मी अजूनही नीट गिळू शकलेले नाही.

आठ महिन्यांनी आपल्या देशाच्या पर्यटन खात्याकडून वर्षाची आकडेवारी आली. मी नेहमीप्रमाणे रकाने तपासत गेले. रकाना एकेचाळीस, साहसी उपक्रमांतील अपघाती मृत्यू. समोर शून्य.

मी तिथल्या तिथे फोन लावला. खात्यातला कारकून सभ्य होता.

"अहो, तुमच्या एकेचाळीसमध्ये चूक आहे. गेल्या हंगामात नदीवर माणूस गेलाय."

"गेले ना, मॅडम. पण ते गाइड होते. तुमच्या पुस्तिकेप्रमाणे गाइड धरायचे नाहीत. पान एकोणचाळीस बघा."

मी पुस्तिका काढली. 'अपघाती मृत्यू म्हणजे साहसी उपक्रमात सहभागी असताना झालेला पर्यटकाचा मृत्यू. आयोजकांचे कर्मचारी यात धरू नयेत.' वाक्य माझंच होतं, अकरा वर्षांपूर्वीचं. तेव्हा बहुतेक देश कर्मचाऱ्यांचे आकडे देत नव्हते, आणि मला ती व्याख्या त्याच दिवशी संपवायची होती. मी भावाला फोन करून विचारलं होतं, गाइड धरू का रे? तो जेवत होता. भरल्या तोंडाने म्हणाला, "आम्हाला कशाला धरतेस? आम्ही काय पर्यटक आहोत? आम्हाला धरलंस तर सगळे देश नापास होतील." मी हसले, आणि हसता हसता ते वाक्य टाइप केलं. आता बोलायचं कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या रविवारी मी भावजयीकडे गेले. ती शिलाई मशीनवर लेकीच्या सामानाच्या पिशवीला दुहेरी टीप मारत होती. भाची वीस वर्षांची. तिला नुकताच राफ्टचा परवाना मिळाला होता, आणि पुढच्या महिन्यात ती त्याच नदीवर, बापाच्याच कंपनीत कामाला लागणार होती.

"तू अडवलं नाहीस?" मी विचारलं.

"बापावर गेलीय. अडवून थांबली असती तर त्यांची मुलगी कशी म्हणायची?"

मी तिला शून्याबद्दल सांगितलं. व्याख्या कुणाची, तेही सांगितलं. न सांगता राहवलंच नाही. मशीन थांबलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे कागदावर तिथे कुणी गेलंच नाही?"

"कागदावर नाही."

"वन्सं, तुमच्याकडे मी कधी काही मागितलं नाही." तिने सुई वर उचलून पिशवी सोडवली. "पण यांना माणसांत धरा. आज हे हिशेबात धरले नाहीत, तर उद्या हिला काही झालं तर हीही धरली जायची नाही. तेच वळण, तीच राफ्ट, आणि वर पाटी 'पूर्ण सुरक्षित'."

सोमवारी सकाळी मी संचालकांच्या खोलीत गेले. माणूस सरळ आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फक्त आपल्या देशासमोर एक लिहिला तर काय होईल? खरं बोलणारा खाली जाईल आणि गप्प बसणारा वर राहील. सगळ्यांना लावायचं तर आकडे नाहीत. तुमचं दुःख मला कळतं. पण दुःखावरून पद्धत बदलता येत नाही."

"पद्धत कशावरून ठरली होती, ठाऊक आहे? एका विनोदावरून," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, बाहेर सगळ्यांना ऐकू गेला असणार. "विनोदावरून ठरते, तर दुःखावरून बदलायला काय धाड भरलीय?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एकवीस देशांचे आकडे आणा. एक तृतीयांश. यादी छपाईला जायला नऊ दिवस आहेत. आणलेत तर व्याख्या बदलल्याच्या कागदावर मी सही करतो. ओरड होईल ती माझ्यावर होऊ दे."

मी आधी सगळ्या देशांच्या खात्यांना लिहिलं. तीन दिवसांत सतरा उत्तरं आली आणि सतराही जणांनी एकच लिहिलं होतं, 'अशी नोंद ठेवली जात नाही.' एकमेकांचं तोंड न पाहिलेले सतरा कारकून, पण वाक्य जणू एकाच शाळेत शिकलेले.

मग डोक्यात उजेड पडला. जिथे नोंद नाही तिथे विचारून उपयोग काय? आमच्याकडे गाइड, हमाल, दोर बांधणारे यांच्या संघटनांचे पत्ते होतेच. दरवर्षी आम्ही त्यांना विचारायचो, रस्ते कसे आहेत, परवान्याला किती दिवस लागतात. माणसं कशी आहेत, हे कधी विचारलं नव्हतं. मी एकच प्रश्न पाठवला. गेल्या हंगामात तुमच्यातले किती जण कामावर असताना गेले?

मी आकडा मागितला होता. आली ती नावं. कुणी वय लिहिलं होतं, कुणी गाव, कुणी नुसतं 'हिच्या दोन मुली आहेत' एवढंच. एकाने भिंतीचा फोटो पाठवला, तिच्यावर खडूने नावं लिहिलेली. एकाने लिहिलं, 'आकडाच हवा असेल तर सहा. पण आधी नावं वाचा.' मी वाचली. मोठ्याने वाचली. समोरच्या टेबलावर नकाशे काढणारा आमचा सहकारी, जो एरवी चहा थंड झाला म्हणून दिवसभर कुरकुरतो, तो उठून फळ्यावर देश मोजायला लागला. आठव्या दिवशी सकाळी फळ्यावर वीस देश होते.

एकविसावा आपला. त्यासाठी मी भाचीला नदीवर पाठवलं होतं. काम सोपं होतं, तिथल्या गाइड संघटनेकडून सहीशिक्क्याचं पत्र आणायचं. एक मृत्यू, एवढंच. ती दोन दिवसांत यायची ती पाचव्या दिवशी दुपारी आली. बूट चिखलाने भरलेले. ते न काढताच ती ऑफिसात शिरली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"एक नाही, आत्या. चार."

चढाईच्या वरच्या तळावरही माणसं गेल्याचं नदीवर तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती आपली आपण डोंगरात वर गेली होती. एक सामान वाहणारा, बर्फावरून घसरलेला. एक दोर बांधणारी बाई, खुंटी निघाल्यामुळे पडलेली. एक तंबूतला स्वयंपाकी, त्याला ताप भरला आणि चढाई लांबेल म्हणून कुणी त्याला खाली नेलं नाही. तिघांच्याही घरी ती जाऊन आली होती.

"त्यांना कुणी विचारलंच नव्हतं गं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे आकडेवाली बहीण नाही ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस मी न्याय न्याय म्हणून घसा कोरडा केला, आणि मागत होते फक्त माझ्या भावासाठी. अकरा वर्षांत माझ्या त्या एका वाक्याखाली किती जण गेले असतील, हे मोजायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी भाचीला जवळ घेतलं. तिच्या अंगाला ओल्या मातीचा वास येत होता. मग मी रकाना एकेचाळीस उघडला, शून्य पुसलं आणि चार लिहिले.

संचालकांनी शब्द पाळला. ज्या देशांचे आकडे आले नाहीत, त्यांच्यापुढे 'नोंद ठेवत नाही' असं छापलं आणि त्या रकान्याचे गुण कापले. तरीही आपण नवव्या क्रमांकावरून सोळाव्यावर आलो. वर्तमानपत्रांनी संस्थेला देशद्रोही म्हणायचंच बाकी ठेवलं. संचालकांना दोनदा मंत्रालयात बोलावणं आलं. परत आल्यावर ते मला फक्त म्हणाले, "पुढच्या वर्षी चाळीस देश हवेत."

छापील अहवाल घेऊन मी भावजयीकडे गेले. भाची दोन दिवसांपूर्वीच नदीवर रुजू झाली होती. घरात मशीनही बंद होतं. भावजयीने हात पुसले, चष्मा लावला आणि अहवाल मांडीवर घेतला. मी तिला पान काढून दिलं. आपल्या देशाच्या ओळीवरून तिने बोट हळूहळू सरकवत नेलं, एकेका रकान्यावर थांबत, आणि एकेचाळीसपाशी टेकवलं.

"चार," तिने वाचलं. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "वन्सं, यातले हे कुठले?"

एकवीस वर्षांत आकड्याबद्दल कुणी काही विचारलं आणि मला सांगता आलं नाही, असं झालं नव्हतं. चारातून एक वेगळा दाखवता येत नाही. काढून दाखवला, तर तीन उरतात. मला रडू फुटलं, आणि मी ते आवरलं नाही.

"ते सगळे मिळून आहेत गं," मी कसंबसं म्हणाले.

तिने बोट उचललं नाही. "मग त्या तिघांची नावं सांगा," ती म्हणाली. "यांच्याबरोबर कोण कोण आहे, ते तरी कळू दे मला."

मला तिन्ही पाठ होती. मी एकेक करून सांगितली.