ओलं सिमेंट

एंगा प्रांताच्या डोंगरातल्या दवाखान्यात वीज नव्हती. दातांवर उपचार करणाऱ्या रोझिना कांदीने लाकानी नावाच्या तरुणाची किडलेली दाढ हातानेच कोरून साफ केली, पूड आणि द्राव कालवून पोकळीत दात भरायचं सिमेंट भरलं आणि ते घट्ट होईपर्यंत बोटाने दाबून धरलं.

तेवढ्यात दारावर लाथ बसली. कोयता घेऊन प्यासो आत घुसला. गेल्या लढाईत लाकानीच्या कुळाने त्याच्या भावाला मारलं होतं.

"मावशी, बाजूला हो. तुझ्याशी माझं वैर नाही."

"सिमेंट ओलं आहे अजून," रोझिना म्हणाली. "तुझ्या आईच्या कुळातली आहे मी. इथे रक्त सांडू नकोस."

"तू तोंडात बोट घालून बसलीस म्हणून हा वाचेल होय?"

त्याने तिच्या डोक्यावरून कोयता हाणला. पातं लाकानीच्या खांद्यात रुतलं. लाकानीने कडकडून दात आवळले आणि रोझिनाच्या बोटाचं हाड मोडलं. तिने दुसऱ्या हाताने हत्यारांचा पोलादी ट्रे उचलून प्यासोच्या तोंडावर घातला. तो दाराबाहेर कोलमडेपर्यंत ती घालतच राहिली.

लाकानी जगला, पण त्याचा हात गेला.

काही दिवसांनी एका सकाळी प्यासो रुग्णांच्या रांगेत येऊन बसला. त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता, ओठ सुजला होता. रोझिनाने बांधलेलं बोट सांभाळत खुर्ची पुढे ओढली.

"कोयता बाहेर ठेव," ती म्हणाली, "आणि तोंड उघड."