थोरल्यानं वाटे करायचे

लिफ्ट गचका देऊन चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधेच कुठंतरी थांबली, दिवा विझला, पंखा बंद पडला, आणि चनमल्लप्पा आठ महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"तू बटण दाबलंस म्हणून झालं."

आता बघा! एप्रिलच्या भर दुपारी सोलापुरात लाईट जाते, ह्यात नवल ते काय? पण नाही, खापर माझ्याच डोक्यावर फुटायला पाहिजे.

"व्हय की," मी म्हणालो. "वर खांबावर चढून वायर बी मीच तोडली."

"सुम्ने इर," तो म्हणाला. गप बस म्हणायचं असलं की गड्याला कानडीच सुचते.

मी सिद्धराम. वळसंगच्या बाजूचा धनगर, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. चनमल्लप्पा त्याच शाळेत गणिताला. एकदा रद्दीच्या दुकानात आम्हाला जुन्या ग्रीसवरचं एक जाडजूड निळं पुस्तक सापडलं आणि दोघांनाही त्याचं वेड लागलं. मग इजिप्त, क्रीट, ट्रॉय, सगळा भूमध्य समुद्राचा काठ आम्ही होटगी रोडच्या चहाच्या टपरीवर बसून पालथा घातला. खरा समुद्र आयुष्यात एकदाच बघितला, शाळेच्या सहलीत, तोही पोरं बुडू नयेत म्हणून शिट्ट्या मारत. पुस्तकं परदेशातून मागवायची, ती भागीत. निम्मे पैसे माझे, निम्मे त्याचे. दोघांच्या बायका एकमेकींपाशी आमच्या नावानं बोटं मोडायच्या. आता दोघीही नाहीत.

आणि आज त्या पुस्तकांची वाटणी होती. चनमल्लप्पाच्या मुलानं, रेवणनं, इथला फ्लॅट विकला होता. बाप संध्याकाळी बंगळूरला निघणार, कायमचा. आम्ही पहिले दोन खोके घेऊन खाली निघालो आणि असे लटकलो.

खरं सांगतो, मला वाटणी नकोच होती. हा जाऊ नये, एवढंच हवं होतं. पण आठ महिने अबोला धरलेल्या माणसानं हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

अबोला कशावरून, तर तीनशे वर्षांवरून. हसू नका. ग्रीसच्या इतिहासात एक काळोखाचा पट्टा आहे. राजवाडे जळाले, लिहिणं थांबलं, आणि पुढची तीनशे वर्षं कुणाचा ठावठिकाणा नाही. काही अभ्यासक म्हणतात, ती वर्षं झालीच नाहीत. ग्रीसच्या तारखा बसवल्या इजिप्तच्या राजांवरून, आणि इजिप्तची यादीच फुगलेली. दोन राजे एकाच वेळी दोन ठिकाणी राज्य करत होते, ते एकामागं एक मोजले गेले. मोठे विद्वान हे मानत नाहीत. मला मात्र पटतं. का पटतं? कारण माझा वाढदिवस एक जूनला असतो.

चनमल्लप्पाचाही एक जूनच, आणि सालही तेच. आमच्या वेळी गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लाव. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. जन्मतारीख ठोका एक जून! उद्या हजार वर्षांनी कुणाला आमच्या शाळेचं दाखलेबुक सापडलं, तर तो लिहील की सोलापुरात दर एक जूनला आभाळातून पोरं पडायची. म्हणून मी म्हणतो, लिहिलेल्या तारखेवर भरवसा ठेवू नये.

हेच मी ऑगस्टमध्ये वाचनालयातल्या व्याख्यानात सांगितलं. लोक मन लावून ऐकत होते. तर हा बाबा मागच्या खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "सर, गुरुजी खोटं लिहितील. लाकूडबी खोटं बोलतं का? ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या ऑलिव्हच्या फांदीचं वय काढलंय की शास्त्रज्ञांनी. तुमच्या तीनशे वर्षं कापलेल्या हिशोबात ते बसवून दाखवा." सगळं सभागृह हसलं. भर सभेत! दोस्त म्हणायचं का वैरी? मी कागद गोळा करून तसाच व्यासपीठावरून उतरलो. त्या दिवसापासून मी त्याच्या बिल्डिंगची पायरी चढलो नव्हतो.

"हणमंता!" लिफ्टच्या फटीतून थोडा उजेड येत होता, तिथून मी हाक मारली. हणमंत वॉचमन. तो जेवायला गेलेला असणार. रेवण टेम्पो बघायला बाहेर पडलेला. धोक्याची घंटा दाबली, ती मुकी. माझ्या मोबाईलला रेंज नाही, चनमल्लप्पाचा वर चार्जिंगला.

"वाटणीचं काय ठरलं?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"ठरायचं काय त्यात? तू थोरला. तू वाटे कर, मी उचलतो."

झालं, परत तेच! आमच्याकडं मेंढरांच्या वाटणीचा नियम आहे. थोरल्यानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे थोरला लबाडी करत नाही. पुस्तकांना हाच नियम लावायचा म्हणून मीच कधीकाळी बोलून बसलो होतो. आता दोघांचीही तारीख एक जून, साल एक. थोरला कोण? आठवडाभर आम्ही दोघं म्हातारे रेवणकरवी निरोप पाठवत होतो की धाकटा मीच. पोरगं हसून हसून दमलं.

"मी कशाचा थोरला? तुझे केस बघ."

"तुझे दात बघ."

घाम गळ्यातून पोटावर उतरत होता. पत्र्याच्या त्या डब्यात हवा म्हणून नव्हती. चनमल्लप्पा खोक्यावर टेकला. त्यानं शर्टाची वरची बटणं काढली आणि तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला.

"आरं, काय व्हतंय तुला?"

"काय न्हाय. कोंडलं की असं हुतंय मला. ल्हानपणापासनं." तो डोळे मिटून बोलत होता. "आई सांगायची. गारांच्या साली आम्ही शेतात होतो. अंड्याएवढ्या गारा. मी रांगत होतो. तिनं मला वेताच्या मोठ्या पाटीखाली झाकलं आणि वर सोता वाकून बसली. गारा थांबल्या तरी मी रडायचा थांबेना. तवापासनं बंद जागा म्हटलं की माझा जीव घाबरतोय बघ."

मी पुठ्ठ्याचं झाकण फाडून त्याला वारा घालत होतो. "पन्नास वर्षांत हे कधी बोलला न्हाईस."

"गणिताच्या मास्तरनं भ्या वाटतंय म्हणायचं व्हय?" तो हसल्यासारखं करून म्हणाला. "आणि आता बघ की नशीब. रेवणचं घर एकोणिसाव्या मजल्यावर. मागं म्हैनाभर राहून आलो. सकाळी नवरा-बायको कामाला जातात, दार वढून घेतात. खाली जायचं तर लिफ्ट. मी लिफ्टच्या दारापातूर जायचो आणि परत यायचो. म्हैनाभर मातीला पाय लागला न्हाय सिद्ध्या."

"मग न्हाय म्हण की त्याला!"

"काय म्हणून? पोरगं वाईट हाय का? मायेनं न्यायलंय. वंगाळ असतं तर भांडलो असतो. मायेच्या माणसाला न्हाय म्हणता येत न्हाय, आणि आता फ्लॅटबी गेला." मग हळू आवाजात म्हणाला, "पुस्तकं आणू नका म्हणालाय. जागा न्हाय. सगळी तुझीच हायत."

माझा हात थांबला. "मग आठवडाभर कशाला भांडलास, धाकटा मी, धाकटा मी करत?"

"नुसतं ये म्हणलं असतं तर आला असतास? वाटणी म्हणलं की तू येणार. भांडायला तरी येणार."

मला रडूच फुटलं. लाज कसली? अंधार होता. आठ महिने मी घरी बसून ह्या माणसाला शिव्या घातल्या, आणि हा मला बोलवायचं निमित्त शोधत होता.

डोळे पुसता पुसता माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

"थांब. गारांचं साल म्हणलास? अंड्याएवढ्या?"

"व्हय. आमच्या भागात तसल्या गारा एकदाच पडल्या."

"आरं, मी पोटात होतो! माझी आई सांगायची. कळप माळावर होता, निम्मी मेंढरं त्या गारांनी आडवी झाली. आई सात महिन्यांची. गारांचा मार पोटावर बसला म्हणून तुझं टाळकं असं टणक, म्हणायची." मी त्याचा खांदा गदागदा हलवला. "तू रांगत होतास आणि मी पोटात. मी धाकटा! चनमल्ल्या, मी धाकटा!"

तो खोक्यावर बसल्या बसल्या असा हसला की त्याला ठसका लागला. क्रीटच्या घड्यावरून इजिप्तचा राजा शोधण्यात आमची जिंदगी गेली, आणि एकमेकांच्या आयांनी सांगितलेल्या गारा कधी जुळवून बघितल्या नाहीत.

"हरलो," तो म्हणाला. "लाकडापेक्षा पक्का पुरावा. मी थोरला. आता वाटे मला करायला पायजेत." त्यानं बुडाखालच्या खोक्यावर थाप मारली. "सगळी पुस्तकं, वरची आणि ही, त्या निळ्या पुस्तकासकट, ह्यो एक वाटा." मग त्यानं इकडंतिकडं बघितलं. हसू कुठल्या कुठं गेलं. "दुसऱ्या वाट्यात काय ठेवू? उरलो मीच. उचल, धाकट्या."

मी काही बोलायच्या आत दिवा लागला, पंखा घरघरला आणि लिफ्ट खाली निघाली. चनमल्लप्पानं घाईघाईनं बटणं लावली आणि रुमालानं तोंड पुसलं. पोराला दिसू नये म्हणून. त्याचं ते बटणं लावणं बघून मला माझं घर आठवलं. होटगी रोडच्या माझ्या घरात दोन खोल्या, दोन्ही जमिनीवर. आठ वर्षांपूर्वी लेक लग्न होऊन गेल्यापासून पुढची खोली रिकामी. दारात कडुनिंब. आठ महिने सोडा, मला हे आठ वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं.

दार उघडलं. समोर रेवण, मागं टेम्पोवाला आणि मिशी पुसत हणमंत.

"अप्पा! बरे आहात ना? काका, सॉरी हं. झाली का मग वाटणी?"

"झाली," मी म्हणालो. "तुझे वडील थोरले निघाले. वाटे त्यांनी केले, उचलला मी."

मी चनमल्लप्पाचा दंड धरला आणि त्याला लिफ्टच्या बाहेर काढलं. त्याची चप्पल आतच राहिली, ती मी पायानं बाहेर ओढली.

"ह्यो माझा वाटा," मी रेवणला म्हणालो. "पुस्तकं तुझ्याकडं आली. घेऊन जा बंगळूरला."

रेवण माझ्याकडं बघायला लागला, मग खोक्यांकडं, मग बापाकडं. "अप्पा, काका काय म्हणतायत?"

चनमल्लप्पाचा दंड माझ्या हातात होता आणि त्यानं तो सोडवून घेतला नाही.

"वाटणी झाल्यावर मोडता येत न्हाय रे बाळा," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "पण सिद्ध्या, तुझी ती तीनशे वर्षं मी मानणार न्हाय हं."

"नको मानू," मी म्हणालो. "चप्पल घाल. घरी चल."