सांतानकाकाची जपानी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि रेडीचा किनारा समोर आणा. समुद्रात लांब एक भलंमोठं जहाज उभं आहे. इथलं पाणी उथळ, म्हणून ते जवळ येत नाही. किनाऱ्यावर खाणीतून आलेल्या लाल मातीचे ढीग आहेत. ही साधी माती नव्हे, हिच्यात लोखंड आहे. माणसं ती टोपल्यांत भरतात, डोक्यावरून नेऊन पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, ओततात, पडाव जहाजाकडे जातात आणि माती जपानला जाते. आता समजा, टोपल्यांच्या त्या रांगेत तुमचा थोरला भाऊ आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत लाल असतो, आणि आंघोळ केली तरी कानांच्या मागे लाल राहतोच.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. भावाचं नाव सत्यवान. आणि तुम्ही म्हणजे त्याची बहीण मथुरा, वय वर्षं दहा.

एक दिवस खाणीच्या मॅनेजरांनी सांगितलं, की जपानी जहाजं आता वरचेवर येणार. त्या लोकांशी बोलायला एक दुभाषा हवा. ज्याला जपानी येईल त्याला ऑफिसात जागा मिळेल. पुढचं जहाज महिन्याने येणार होतं, आणि त्याच दिवशी परीक्षा. ही बातमी ऐकून सत्यवान दोन दिवस जेवला नाही, असं त्याची आई जानकी सगळ्यांना सांगे. मथुराने मात्र त्याला जेवताना पाहिलं होतं.

गावात जपानी येणारा एकच माणूस होता, सांतानकाका. लढाईत तो पलटणीचा आचारी होता. सिंगापूर पडलं तेव्हा सगळी पलटण जपान्यांच्या हाती सापडली आणि सांतानकाका साडेतीन वर्षं त्यांच्या कैदेत राहिला. परत आला तो निम्मा होऊन. त्या दिवसांबद्दल तो कधी बोलत नसे. सत्यवानने विचारल्यावर तो बराच वेळ नारळ सोलत राहिला.

"माका येता थोडा," तो शेवटी म्हणाला. "पण कागद-पेन्सिल हाडू नको. थंय कागद गावत नाय होतो. माका तसाच शिकवूक येता."

सत्यवानचं पाठांतर कच्चं होतं. म्हणून तो मथुराला बरोबर नेऊ लागला. तीच त्याची वही.

शिकवणी अंगणात होई. सांतानकाका छाती काढून उभा राही आणि एकदम ओरडे, "किओत्सुके!" पहिल्या दिवशी कोंबड्या माडाच्या आळ्यात पळाल्या. चौथ्या दिवशी त्यांना सवय झाली.

"ह्या कधी म्हणूचा?" सत्यवानने विचारलं.

"सकाळी. पयलो शब्द होच. रोज. एक दिवस चुकूक नाय."

रोज सकाळी पहिला म्हणतात, म्हणजे हा नमस्कारच असणार, असं सत्यवानने ठरवलं. मथुरालाही ते पटलं. त्याच्यानंतर "रेई!" म्हणायचं, मग सगळे कमरेत वाकतात. म्हणजे माणसं नम्र आहेत. आणि "हायाकु!" हा शब्द काम चालू असताना दिवसभर म्हणायचा. म्हणजे कामाचं कौतुक. काकाने शब्दांचे अर्थ सांगितले नाहीत, कारण त्यालाही ते कुणी सांगितले नव्हते. कोणता शब्द आला की काय करायचं, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं.

वाटेने जाणारी काशीबाई एकदा कुंपणाशी थांबली. "सांतान, भाषा शिकवतंस काय कवायत करून घेतंस?"

"जपानी अशीच आसता. मोठ्यान बोलूची लागता."

"मगे आमची सगळीच माणसां जपानी रे बाबा," असं म्हणून ती पुढे गेली.

महिन्याभरात बारा-तेरा शब्द झाले. सत्यवानला त्यातले सात येत, मथुराला सगळे. परीक्षेच्या दिवशी तो तिला म्हणाला, "तू माझ्यावांगडा ये. दाराकडे उभी रव. अडाकलंय तर सांग."

ऑफिसात मॅनेजर होते आणि जहाजावरून आलेले एक अधिकारी. पन्नाशीचे, बारीक, पांढरे कपडे, टोपी मांडीवर. टेबलावर चहा ठेवलेला. मॅनेजर म्हणाले, "सत्यवान, साहेबांचं स्वागत करा."

सत्यवानने छाती काढली. "किओत्सुके!"

अधिकारी उडालेच. टोपी खाली पडली. खुर्ची मागे सरकली, आणि ते टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून खांबासारखे ताठ उभे राहिले.

"वा!" मॅनेजर म्हणाले. त्यांना हे फारच आवडलं.

"रेई!"

अधिकारी कमरेत वाकले आणि सरळ झाले. मॅनेजरांनीही मान लववली. सत्यवानला धीर आला. "हायाकु!" तो गरजला. ह्या कौतुकाचं काय करावं हे अधिकाऱ्यांना कळेना. ते तसेच उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"उत्तम," मॅनेजर म्हणाले. "आता त्यांना बसायला सांगा. चहा गार होतोय."

सत्यवानने दाराकडे पाहिलं. मथुराने मनातले सगळे शब्द उलटेसुलटे करून पाहिले. बसा, असं साडेतीन वर्षांत सांतानकाकाला कुणी म्हटलंच नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचा शब्द तिने पुढे केला. दुपारी काम थांबलं की हा म्हणत. "यासुमे," ती कुजबुजली.

"यासुमे!" सत्यवान ओरडला.

अधिकाऱ्यांनी पाय फाकवले, हात मागे बांधले आणि उभेच राहिले.

मॅनेजर आता हसत नव्हते. अधिकाऱ्यांनी एका हाताने घाम पुसला, तो हात पुन्हा मागे नेला आणि मोडक्या इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅनेजरांनी ते मराठीत सांगितलं. "विचारतायत, हे कुणी शिकवलं?"

"सांतानकाकान," सत्यवान म्हणाला, आणि ऑफिसात आहोत हे आठवून त्याने भाषा बदलली. "आमच्या गावचे आहेत. सिंगापूरला कैदेत होते."

मॅनेजरांनी ते इंग्रजीत सांगितलं. अधिकारी खाली पडलेल्या टोपीकडे पाहत राहिले. मग हळूच चार वाक्यं बोलले.

"म्हणतायत, हे हुकूम आहेत. सैन्यात ओरडतात ते. सावधान, वंदन, चटकन, विश्राम. तेही सैन्यात होते, आणि त्यांनाही हे असेच ओरडून शिकवले. तेरा वर्षांत कुणी ओरडलं नव्हतं, पण अंग विसरलेलं नाही." मॅनेजरांनी कागद आवरायला घेतले. "सत्यवान, ह्या भाषेत पाहुण्याला बसासुद्धा म्हणता येत नाही. मी तुम्हाला कसा घेऊ? उद्या टोपलीवर या."

सत्यवान मान खाली घालून वळला. त्याच्या कानांमागे लाल होतं. मथुराने ते पाहिलं. एवढ्यात तो दारापर्यंत पोचला आणि तिला बाजूला सारून बाहेर जायला बघू लागला.

मथुरा सरकली नाही. तिने भावाच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याला ओढत परत टेबलापाशी आणलं. मग मागे गेलेली खुर्ची दोन्ही हातांनी खेचून अधिकाऱ्यांच्या जवळ ठेवली, बैठकीवर थाप मारली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबली.

अधिकाऱ्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मागे बांधलेले हात सोडले आणि ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुवात्ते कुदासाई."

"सुवात्ते कुदासाई," मथुरा म्हणाली. तीही हळूच.

अधिकारी बसले. मॅनेजरांचा हात कागदांवर थांबला.

मथुराने चहाच्या पेल्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओचा."

"ओचा," ती म्हणाली, आणि भावाच्या सदऱ्याला पुन्हा हिसका देऊन त्याच्याकडे वळली. "दादा, म्हण."