हिरवं पाणी

रुखमाबाईने सकाळी एक चांगलं काम करून ठेवलं होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. नवरा, शालिग्राम, दारात आपल्या सवारीच्या जीपच्या काचा पुसत होता. पण त्याला सांगण्यात मजा नव्हती, तो नुसता 'हं' म्हणायचा. म्हणून जालन्याहून लेकाचा फोन आला, तेव्हा तिने त्याला बोलूच दिलं नाही.

"राजकुमार, आयक. तुह्या बायकोच्या गाडीत कोनंतरी तळ्याचं पानी भरलं होतं. हिरवंगार! म्या खाली निजून तोटी खोलली, सगळं काढलं, अन् झऱ्याच्या धारेचं गोडं पानी भरून देल्लं. वाचली म्हन गाडी."

लोणारात हिरवं पाणी म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागत नाही. तळ्याचं पाणी हिरवं, खारं, वासाचं. लोखंडाला लागलं की लोखंड खाऊन टाकतं. जीपच्या रेडिएटरात कुणी ते भरलं असतं, तर शालिग्रामने सगळी आळी गोळा केली असती.

राजकुमारने तिला तिथेच थांबवलं. मग म्हणाला, "माय, वास आला होता का त्याले?"

वास. वास तर आला नव्हता. उलट जरासं गोडसर काहीतरी नाकाशी आलं होतं.

"ते तळ्याचं नव्हतं वं. ते कूलंट होतं. इंजन थंड ठेवाचं औषध. ते हिरवंच राह्यते."

"मंग आता पानी हाय ना! आपली जीप का जन्मभर औषधावर चालली?"

"जीपीचं इंजन ओतीव लोखंडाचं. हे जपानी, ह्याचं वरचं हेड अल्युमिनचं. सगळं काढून नुसतं वरून भरलं तं आत हवा अडकते. हवा काढली नाही तं पानी फिरत नाही, अन् तापून एकदा हेड वाकलं की इंजन गेलं. जयमालाले सांग, गाडी काढू नोको म्हना."

जयमाला केव्हाच निघाली होती. आईला आणायला, धाड गावाला.

रुखमाबाई ओट्यावर बसली.

ती गाडी जयमालाच्या वडिलांची, भगवंतरावांची. अंग इथलं, इंजन मात्र जपानातून आलेलं. घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी ते बॉनेट उघडून दाखवायचे. मागच्या साली ते गेले आणि गाडी लेकीकडे आली. आली त्या दिवसापासून रुखमाबाईने तिला टोमणे मारले होते. "धूर नाही, आवाज नाही, तेलाचा थेंब गळत नाही. मंग आत तेल हाय का नाही, कळावं कसं? आमची जीप जिथं उभी राह्यते तिथं टिळा लावून जाते." सगळे हसायचे. जयमालाही हसायची, पण उशिरा हसायची. आता तिला काय वाटेल? सासूने मुद्दाम केलं, हेच वाटेल. दुसरं काय वाटायला जागा ठेवली होती रुखमाबाईने?

तिने फोन लावला. रिंग गेली, गेली आणि थांबली. जयमाला गाडी चालवताना फोन उचलत नसे, वडिलांची शिस्त.

"अहो, जीप काढा."

"सवारी तं भरू दे."

"काढा म्हनते ना!"

सवारी एकच होती. पुंजाजी, मांडीवर कांद्याच्या रोपाची जुडी घेऊन सुलतानपूरला निघालेला. रुखमाबाई पुढे चढली आणि बसल्या बसल्या नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. शालिग्राम 'हं' म्हणाला नाही. त्याने गियर टाकला.

जीप खोकली, थरथरली, धूर सोडला आणि निघाली. रस्त्यात बायामाणसं हात करत होती. शालिग्राम कुणासाठी थांबला नाही, तशी मागून शिव्या आल्या. प्रत्येक वळणाला रुखमाबाईला पांढरी गाडी दिसायची आणि ती बैलगाडीतली कपाशी निघायची, नाहीतर कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर वाळत घातलेलं धोतर.

"जपानी इंजन म्हंजे लय नाजूक, वैनी," पुंजाजी मागून म्हणाला. "आमच्या साडूचं तापलं होतं. मिस्त्रीनं खोललं, पाह्यलं, अन् काही बोल्लाच नाही. नुसता चहा मांगवला."

"पुंजाजी, तू रोप सांभाळ," शालिग्राम म्हणाला.

"मी आपलं सांगू राह्यलो."

"अहो, जोरात घ्या ना."

"जोरातच हाय. याच्यावर गेलो तं दरवाजे मांगं राह्यतीन."

सुलतानपूरच्या अलीकडे लिंबाखाली ती पांढरी गाडी दिसली. खरंच दिसली. बॉनेट उघडं, वाफ निघत होती. जयमाला बांधावर बसली होती, पदर तोंडाशी धरून. जीप पाहून ती उठली.

"गर्मीचा काटा चढला तशी बंद केली मी," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नव्हतं. "पन लवकर पाह्यला नाही, आत्याबाई. आईशी काय बोलाचं त्याच इचारात होती. निघताना पानीबी तपासलं नाही. बाबा रोज तपासायचे. मी एक वर्सबी सांभाळू शकली नाही त्यायची गाडी."

आणि ती रडायला लागली.

पुंजाजी जीपमधून मान लांब करून म्हणाला, "बाहेरचा माल असाच असते, पोरी. तुहा काय दोष?"

शालिग्रामने बायकोकडे पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली. बोलायचं की नाही, ते त्याने तिच्यावर सोडलं होतं. रुखमाबाईला कळलं, आपण आता गप्प राहिलो तर दोष पोरीच्या अंगावर राहतो, नाहीतर जपानच्या. दोन्हीपैकी कुणी भांडायला येणार नव्हतं.

"तुहा दोष नाही," ती म्हणाली. आवाज नको तितका मोठा निघाला. "म्या काढलं ते हिरवं पानी. सकाळी, तू आंघोळीले गेली तेव्हा. मले वाटलं तळ्याचं हाय. धारेचं भरलं."

जयमालाचं रडणं थांबलं.

"मले काऊन नाही इचारलं?"

"इचारलं असतं तं तू नाही म्हनली असती. मले वाटलं, एवढं बोलतो आपन त्या गाडीले... कायतरी तिच्या चांगल्याचंबी करावं."

जयमाला हसली नाही. "काही हरकत नाही" असंही म्हणाली नाही. तिने पाठ फिरवली आणि इंजिनाजवळ जाऊन उभी राहिली.

वाफ ओसरायला पुष्कळ वेळ गेला. तळहात लांबून धरून जयमाला ऊब पाहत होती. मग तिने फडकं घेतलं, इंजिनाच्या पाण्याच्या डब्याचं झाकण हळूहळू सैल केलं, जीपमधल्या कॅनचं पाणी थोडं थोडं ओतलं आणि मागे न पाहता म्हणाली, "आत्याबाई, इकडं या. मी इंजन चालू करते. ही नळी दाबा, सोडा, दाबा. बाबा असंच करायचे. फॅनकडं पदर जाऊ देऊ नका."

रुखमाबाईने पदर कमरेला खोचला आणि नळी धरली. गाडी सुरू झाली. डब्यात बुडबुडे आले, गुडगुड करत, एखाद्या लेकराने ढेकर द्यावी तसे. पाणी खाली गेलं. शालिग्रामने आणखी ओतलं. परत बुडबुडे. मग थांबले.

"वाचलं का वं?" रुखमाबाईने विचारलं.

"आत्ता नाही कळत. पानी आपोआप कमी होत गेलं, तं हेड वाकलं समजाचं." जयमालाने झाकण लावलं. "मेहकरपर्यंत हळूहळू नेते. तिथं मिस्त्री हाय, बाबाच्या वळखीचा."

"अन् नाही वाचलं तं?"

जयमाला आत बसली, तिने आरशात आपलं तोंड पुसलं. रुखमाबाई रस्त्यातच उभी, हातांना काळं लागलेलं, जीपकडे जावं की कुठे, तिला सुचत नव्हतं. तेवढ्यात डावीकडचं दार आतून उघडलं.

"बसा. मी रस्त्याकडं पाह्यते, तुम्ही काट्याकडं पाहा. अर्ध्याच्या वर सरकला की बोला. लगेच बोला, मले काय वाटन त्याचा इचार करू नका."

रुखमाबाई बसली आणि तिने काट्यावर डोळे लावले. गाडीचा काही आवाजच येत नव्हता.

"अर्ध्यावर हाय," ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर परत म्हणाली, "अर्ध्यावरच हाय."

"हाव," जयमाला म्हणाली. "सांगत राहा."