माठाखालची हिरवी रेघ

मित्रांनो, गुरुलिंगचं वागणं मला मुळीच पटलेलं नाही. मी कुणाच्या घरची तिवई नाही. तरी त्यानं माझ्या डोक्यावर परात ठेवली, परातीत पाण्यानं भरलेला माठ ठेवला आणि माठावर पितळी पेला उपडा घातला. येणारा-जाणारा पाणी पितो, पेला आदळतो आणि चालू लागतो. माठाखाली कोण आहे, हे कुणी विचारत नाही.

मी एक जुनी पेटी आहे. कागदावरचं माझं नाव ऑसिलोस्कोप. पण सिद्धम्मा मला रेघेची पेटी म्हणते आणि तेच मला आवडतं. वीज माणसाच्या डोळ्याला दिसत नाही; माझ्या गोल काचेवर मात्र ती हिरवी रेघ होऊन दिसते. माझी तार रेडिओच्या पोटात टेकवली, की रेघ हलते, वाकते, उसळते. रेडिओला कुठं दुखतंय ते तिच्यावरून कळतं. एवढं कसब अंगात असलेल्या बाईच्या डोक्यावर माठ ठेवतात का?

तरुणपणी मी हैदराबादेत एका कारखान्यात होते. तिथं नव्या पेट्या आल्या आणि माझा लिलाव झाला. लातूरचे महादेवप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मला घोंगडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं. मी काही हलकी नाही; उतरताना त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. गोलाईच्या बाजारपेठेजवळच्या दुकानात त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि माझ्यासमोर एक लाकडी स्टूल मांडलं. त्या स्टुलावर त्यांची बायको येऊन बसली. तीच सिद्धम्मा.

सिद्धम्मानं दुसरीत शाळा सोडलेली. अक्षरांशी तिचं कधी जमलं नाही, पण माझी रेघ तिला आल्या दिवसापासून कळली. महादेवप्पांचे दोन्ही हात रेडिओत गुंतलेले असत, नजर डागणीच्या तापल्या टोकावर असे. माझ्या तोंडाकडं बघायचं काम सिद्धम्माचं. "कुबड आलं." "आता वाकडी झाली." "थांबा, गेली. परत आली." ती बोले तसा त्यांचा हात चाले.

लातूर जिल्हा झाला, त्या समारंभाच्या सकाळी भाषणांसाठी आणलेला अ‍ॅम्प्लिफायर आमच्या दुकानात धावत आला. सगळे भोंगे नुसते घूं करत होते. आणणारी माणसं घामाघूम झाली होती.

सिद्धम्मा माझ्याकडं बघून म्हणाली, "करवतीवाणी दात हायत ओ हिला."

"म्हणजे कंडेन्सर गेला," महादेवप्पा म्हणाले आणि त्यांनी तो बदलला.

"बसली. तव्यावाणी सपाट."

घूं थांबलं. आणणाऱ्यांनी महादेवप्पांची पाठ थोपटली, तेव्हा ते म्हणाले, "रेघ हिनं बघितली. म्या निस्ता हात चालवला."

सिद्धम्मानं पदर सारखा केला. "हे खोटं बोलत न्हाईत कधी," ती म्हणाली.

मित्रांनो, ते माझे भरभराटीचे दिवस होते.

पुढं महादेवप्पा लिंगैक्य झाले. दुकान मुलाकडं, गुरुलिंगकडं आलं. गुरुलिंगला नव्या जिल्ह्यात नवी हवा लागली. तो टीव्ही विकू लागला. कुणी जुना रेडिओ आणला, की दुरून बघूनच म्हणे, "ह्याच्यात काय राहिलं न्हाई आता. नवा घ्या." त्यानं माझ्यासमोरचं स्टूल उचललं आणि स्वतः गल्ल्यापाशी बसायला घेतलं.

एके दिवशी टीव्हीचं खोकं सरकवताना त्याचा कोपरा माझ्या अंगाला घासला आणि रेघ वर-खाली करायचं बटण फिरलं. माझी रेघ वर सरकली, काचेच्या बाहेर गेली आणि पत्र्याआड जाऊन थांबली. गुरुलिंगनं मला सुरू केलं. काच काळोखी. त्यानं माझ्या डोक्यावर दोन थापा मारल्या, तार उपटली आणि आत आईला हाक दिली, "अव्वा, पेटी मेली!"

मी मेले नव्हते हो! बोटभर बटण फिरवलं असतं, तर मी पुन्हा दिसले असते. पण मला तोंड नाही, नुसती रेघ आहे आणि ती पत्र्याआड.

आतल्या खोलीत सिद्धम्मा दुःखात बसलेली होती. तिला वाटलं, धन्यामागोमाग हीही गेली. ती बाहेर आली नाही. पुढं सवयच झाली तिला, तिथंच बसायची. बसायला स्टूल नाही, बघायला रेघ नाही, मग दुकानात तिला कोण विचारणार?

त्यात पावसानं दगा दिला. मांजरा नदीत वाळू उडू लागली. टँकर आला, की सगळी गोलाई घागरी घेऊन धावायची. मग दुकानात माठ आला आणि त्याला उंच जागा हवी म्हणून माझं डोकं सापडलं. परातीमुळं पाणी आत गेलं नाही, एवढंच माझं नशीब. समोर टीव्ही रंगात बोलत असे, माणसं हसत असत. मी माठाखाली गप्प. भिंतीपलीकडं सिद्धम्मा खोकायची ते ऐकू यायचं. बाई जागी आहे, एवढ्यानंच मला धीर यायचा.

मग एका दुपारी बसवंत भंगारवाला आला. माठ खाली उतरला. मला वाटलं, सुटले! बसवंतनं मला हलवून बघितलं आणि हातोडी काढली. "काच फोडूनच न्यावी लागंल. आत तांबं हाय."

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

"बसवंत, हातोडी खाली ठिव."

"अव्वा, मेलेली पेटी हाय ती," गुरुलिंग म्हणाला. "जागा आडवून राहिली नुस्ती."

"मेल्यालाबी तोंड बघितल्याबिगर माती देत न्हाईत आपल्यात. हिचं तोंड म्या कुठं बघितलं? चालू कर. मेली असंल तर म्या सोता हिला गाड्यावर चढवते."

गुरुलिंग तार घेऊन भिंतीकडं निघाला, तशी ती ओरडली, "आरं, इतके दिस बंद हाय ती! तुझा बाप असा चालू करायचा का?"

मग दुसऱ्या दिवशी मला दिवसभर अंगणात ठेवलं. माझा पत्रा काढला, झुरळं झटकली, पापडासारखं मला उन्हात वाळवलं. तिसऱ्या दिवशी बसवंत परत आला. त्याच्यासमोरच गुरुलिंगनं विजेच्या वाटेत शंभरचा बल्ब जोडला, म्हणजे मला वीज बेताबेतानं मिळेल. बल्ब भक्कन पेटला आणि हळूहळू मंद झाला. आत कुठं तारा एकमेकींना भिडलेल्या असत्या, तर तो तसाच धगधगत राहिला असता. मग त्यानं बल्ब काढून मला पुरी वीज दिली. माझे व्हॉल्व्ह, म्हणजे पोटातल्या काचेच्या नळ्या, तांबूस झाले. जळक्या धुळीचा वास सुटला.

काच काळोखीच.

"बघितलंस?" गुरुलिंग स्टुलावर टेकला. बसवंतनं हातोडी उचलली.

सिद्धम्मा माझ्यापुढं वाकली. उजेड अडावा म्हणून तिनं स्वतःच्या डोक्यावरून माझ्या काचेवर पदर ओढला. त्या अंधारात आम्ही दोघीच होतो. काचेच्या वरच्या काठाला, बघेल त्यालाच दिसावा असा धुरासारखा हिरवट उजेड होता. तिचा हात चाचपडत बटणावर आला. तिनं ते सावकाश फिरवलं.

रेघ खाली उतरली. जाड झाली होती, थरथरत होती, पण उतरली आणि मधल्या खुणेवर थांबली.

बसवंतनं हातोडी पोत्यात घातली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी जुनी पेटी काळोखी दिसली तर तिला थापा मारू नका. आधी तिच्यापुढं वाका, सावकाश एकेक बटण फिरवून बघा. त्याला शाळा लागत नाही.

पदर बाजूला करून सिद्धम्मा लेकाकडं वळली.

"अव्वा, मला वाटलं..." गुरुलिंग म्हणाला.

"तुला वाटलं! तुझा बाप बघायचा, मग बोलायचा. तू बोलून मोकळा. अन् तुझं ऐकून म्या आत जाऊन बसले. टीव्ही ईक, मोठा हो, माझं काय म्हननं न्हाई. पन सोताला दुरुस्तीवाला म्हनून घिऊ नगंस, गुरुलिंगा. तो माठ तिकडं कोपऱ्यात ने. अन् ऊठ, हे स्टूल माझं हाय."