बाय मिळालेला बोकड

मी बोकड बोलतोय. हसू नका. बोकडाच्या आयुष्यात सांगण्यासारखं काय असणार, जन्मला आणि रस्सा झाला, असं तुम्हाला वाटत असेल. माझंही तसंच व्हायचं होतं. पण मधे हॉकी आली.

साताऱ्याच्या कडेला, माळाला लागून हवालदार आकारामांचं घर आहे. तिथल्या गोठ्यात माझा जन्म झाला. माझी आई मला जन्म देऊन लगेच गेली. मग हवालदारांच्या बायकोनं, राहीबाईनं, मला बाटलीनं दूध पाजलं. थंडीत ती मला चुलीपाशी पोत्यावर निजवायची. तिचा मुलगा पलटणीत होता, सून त्याच्याबरोबर गेलेली. हवालदार दिवसभर बाहेर, घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलायची. मला ती आईच वाटायची, आणि अजून वाटते.

नाव मात्र तिनं मला ठेवलं नाही. आमच्याकडं गाईला नाव असतं, बैलाला असतं, दारातल्या कुत्र्यालाही असतं. बोकडाला ठेवत नाहीत. नाव ठेवलं की पुढं घास उतरत नाही. राहीबाई मला नुसतं "ये रं" म्हणायची आणि मी जायचो.

हवालदार पलटणीत असताना हॉकी खेळायचे. पेन्शनीत आल्यावर ते कॉलेजच्या हॉकी क्लबातल्या मुलांना शिकवू लागले. शिकवणं म्हणजे मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणं. त्यात पंचाहत्तर साली आपण हॉकीचा वर्ल्ड कप जिंकला. रेडिओवर ते ऐकून हवालदारांनी अशी उडी मारली की माझ्या वैरणीची पाटी उलटली. त्या दिवसापासून सगळ्यांनाच हॉकीतलं कळायला लागलं. ज्यांनी आयुष्यात स्टिक हातात धरली नव्हती, तेसुद्धा चहाच्या कपावर शॉर्ट कॉर्नर कसा घ्यायचा ते सांगू लागले.

त्याच हिवाळ्यात कॉलेजनं आसपासच्या कॉलेज क्लबांची स्पर्धा भरवली. गणिताचे प्राध्यापक विष्णुपंत तिचे प्रमुख होते. माणूस नियमाचा फार पक्का. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं लवकर आटोपली, तर मुहूर्ताचं मिनिट येईपर्यंत ते हातात हार धरून तसेच उभे राहिले होते, असं मुलं सांगायची.

विष्णुपंतांनी सामन्यांचा मोठा तक्ता काढून मैदानाजवळच्या भिंतीवर लावला. कोण कुणाशी खेळणार, जिंकेल तो पुढं कुणाशी भिडणार, असं थेट अंतिम सामन्यापर्यंत. तोच तक्ता कागदावर छापून त्यांनी गावात वाटला. प्रत्येक सामना कोण जिंकणार ते आधीच भरून द्यायचं. ज्याचे अंदाज सर्वांत जास्त बरोबर येतील, त्याला बक्षीस म्हणून एक चांगलं पुस्तक.

लोकांनी कागद घेतले आणि त्यात शेंगा बांधून नेल्या. ते बघून हवालदारांना राहवलं नाही. ते भर मैदानात उठून म्हणाले, "पुस्तकाचा रस्सा हुतोय व्हय? माझा बोकड लावला बक्षिसाला!"

टाळ्या पडल्या. शेंगांचे कागद झटकून परत आले. मला कुणी विचारलं नाही. राहीबाईलाही नाही.

"इचारलं व्हतं मला?" तिनं घरी विचारलं.

"अगं, शब्द गेला तोंडातनं. हवालदाराचा शब्द हाय त्यो."

"शब्द तुमचा आसंल. बोकड माझा हाय." एवढं बोलून ती चुलीकडं वळली. भाकरी थापताना ती डोळे पुसत होती, ते मी दारातून बघत होतो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मला बी आना त्यो कागद. मी जिंकून आनीन त्याला."

हवालदार हसले. मला हसू आलं नाही, कारण राहीबाईनं हॉकीचा एकही सामना बघितला नव्हता. आणि तिच्यासमोर होते लालासाहेब.

लालासाहेब म्हणजे मोठे ऊसवाले बागायतदार. मूळचे वाईकडचे. त्यांनी चार खेळाडूंना चहा पाजून, बातम्या काढून कागद भरला होता. मला मैदानावर लिंबाच्या झाडाला बांधलं होतं, तिथं ते रोज येऊन माझ्या पाठीवर हात ठेवायचे. माया करायला नव्हे, मांस चाचपायला. "आतनं भरलाय गड्या," असं म्हणायचे. जेवणाची आवतणं देऊन झाली होती. चंद्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, मसालाही कुटून ठेवला होता. त्याचा वास लालासाहेबांच्या सदऱ्याला यायचा आणि मी दोरी ताणून झाडामागं सरकायचो.

आता तक्त्याची गंमत ऐका. संघ सात होते. त्यामुळं पहिल्या फेरीत सांगलीच्या संघासमोर कुणीच उरलं नाही. अशा वेळी न खेळता पुढच्या फेरीत जायला मिळतं, त्याला 'बाय' म्हणतात. विष्णुपंतांनी तक्त्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सांगली विरुद्ध बाय'. गावात चर्चा झाली की सांगलीच्या पोरांना बाय मिळाली. "आरं, पर कुनाची?" असं म्हाताऱ्यांनी काळजीनं विचारलं.

राहीबाई माहेरी चार बुकं शिकलेली. माझ्याशेजारी बसून, पेन्सिल जिभेला लावत तिनं तक्ता वाचला आणि थबकली.

"बायांची टीम बी आलीया!" ती मला म्हणाली. "कवा न्हाई त्या खेळाय आल्यात बिचाऱ्या. एक तरी मॅच त्यास्नी द्याय पायजे." आणि तिनं पहिल्या फेरीत सांगलीसमोर 'बाय' जिंकली असं लिहून टाकलं. दुसऱ्या फेरीत बायांची गाठ साताऱ्याशी पडत होती. तिथं तिनं साताऱ्याला जिंकवलं, कारण ते सासर. पाचगणीत बहीण दिली होती, म्हणून पाचगणीलाही एक सामना दिला. वाई तिचं माहेर. वाईला तिनं प्रत्येक फेरीत जिंकवलं आणि शेवटी साताऱ्यालाही वाईकडून हरवलं.

कागद दिल्यावर ही गोष्ट फुटली. सगळं मैदान हसलं. हवालदार तर खोकेपर्यंत हसले.

"अगं येडे, बाय म्हंजे टीम न्हवं! म्होरं कुनीच नसलं की बाय म्हनत्यात."

"कुनीच न्हाई, तर नाव कशाला लिवलंय?"

"बदलून द्या म्हनावं सरास्नी."

विष्णुपंतांनी मान हलवली. "भरलेला कागद बदलता येत नाही." मी चारा तोंडात तसाच धरून उभा राहिलो.

नियम असा होता की पहिल्या दिवशी सकाळी सगळ्या संघांनी मैदानावर हजर राहून नावं नोंदवायची, बाय मिळालेल्या संघानंसुद्धा. सांगलीचा कप्तान चिंतामण याला ते कुठलं ठाऊक! बाय मिळाली म्हणजे सुट्टी मिळाली, असं समजून तो सगळ्या संघाला घेऊन आटपाडीला मामाच्या रानात हुरडा खायला गेला. इकडं विष्णुपंत घड्याळ बघत उभे. वेळ संपली तसे ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी सांगलीवर काट मारली. पुढच्या फेरीच्या मोकळ्या जागेत त्यांनी त्याच सुबक अक्षरात लिहिलं, 'बाय'.

सगळे वळून राहीबाईकडं बघू लागले. ती माझ्या गळ्यातली दोरी सैल करत होती.

दुसऱ्या दिवशी सांगलीकर आले. बोटं काळी, सोबत हुरड्याचं गाठोडं. विष्णुपंतांनी चार दाणे तोंडात टाकले, नीट चावले आणि म्हणाले, "छान आहे. तुम्ही बाद आहात."

साताऱ्यासमोर आता कुणीच नव्हतं, म्हणून सातारा सरळ अंतिम सामन्यात गेला. दुसऱ्या बाजूनं वाई आली. बाकीच्यांचे कागद एव्हाना चुकत चुकत बाद झाले होते. सांगलीची ती एक ओळ सोडली, तर लालासाहेबांचं सगळं बरोबर होतं. राहीबाईचंही. अंतिम सामना दोघांनीही वाईला दिला होता.

मग अंतिम सामन्याच्या दिवशी जे झालं ते बघण्यासारखं होतं. सगळा सातारा साताऱ्यासाठी ओरडत होता आणि मैदानाच्या एका कडेला फक्त दोन माणसं वाईसाठी घसा फोडत होती. एकाला मला शिजवायचं होतं आणि एकीला घरी न्यायचं होतं. राहीबाईचा पदर खांद्यावरून घसरला, तरी तिचं लक्ष नव्हतं. हवालदार लांबून डोळे वटारत होते. शेवटच्या शॉर्ट कॉर्नरवर वाईनं गोल मारला, तेव्हा लालासाहेब आणि राहीबाई दोघंही एकदम उडाले. मी कुणाच्या बाजूनं आनंद मानावा, तेच मला कळेना.

लालासाहेब विष्णुपंतांच्या टेबलाशी गेले. "आवं सर, ती सांगलीची वळ रद्द करा. बाय म्हंजे कुनीच न्हाई. कुनीच न्हाई ते जिंकंल कसं? मग आमी दोघं बरुबर हाय. चिठ्ठ्या टाका."

विष्णुपंतांनी चष्मा पुसला. "राहीबाई, तुम्ही बाय म्हणजे काय समजलात?"

"काय समजायचं? बाय म्हंजे बाय. मी न्हाई का एक?" तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "पोरं हुरडा खाया गेली. बाय काय गेली न्हाई कुटं. मी रोज हितंच हाय, ह्याच्यापाशी. सर, बाटलीनं वाढीवलाय वो मी त्याला."

विष्णुपंतांनी भिंतीवरच्या तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तक्त्यात नाव आहे. सांगली पुढं गेली नाही, बाय गेली. ओळ रद्द होणार नाही. बोकड राहीबाईंचा."

अशा वेळी जीव भांड्यात पडला, असं तुम्ही माणसं म्हणता. मला तो शब्दप्रयोग आवडत नाही. पण झालं तसंच काहीतरी.

"आन् आमच्या मसाल्याचं काय करू?" लालासाहेबांनी विचारलं.

"वांग्यात घाला," राहीबाई म्हणाली.

घरी जाताना हवालदार मागून गुपचूप चालत होते. माळाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "म्होरल्या साली बक्षिसाला काय लावायचं गं?"

"तुमची स्टिक लावा. ह्याच्यावर नजर टाकायची न्हाई. आजपास्नं ह्याला नाव हाय." मग तिनं माझ्या कानाशी वाकून मला हाक मारली, "चल रं, बाय."

बोकडाला असलं नाव! गल्लीतली कुत्रीसुद्धा हसली असतील. पण मला ते नाव फार आवडतं. आता माझी दाढी पिकलीय, पुढचे दात हलतात, राहीबाई मला कडबा बारीक करून घालते. लालासाहेब रस्त्यानं जाताना अजून थांबून बघतात आणि उसासा टाकतात. माझ्याबरोबरचे सगळे आपापल्या यात्रांमध्ये संपले. मी एकटाच न खेळता पुढच्या फेरीत आलो.

एक विनंती आहे. कॉलेजातली मुलं हल्ली आमच्या दारावरून जाताना एकमेकांना 'बाय, बाय' म्हणतात आणि मी दोरीला हिसका देऊन उठतो. तुम्ही आता निघाल. तेवढं मला 'बाय' म्हणू नका. त्या हाकेनं मी एकदा मैदानावरून घरी आलोय. पुन्हा ऐकली, तर तुमच्या मागं मागं येईन, आणि राहीबाई मला शोधत बसेल.